कठड्यावरचं ऊन

"आप्पांना वरच थांबायला सांग," भावजी जिन्याखालून म्हणाले. "कठडा सगळा निघालाय. तोल गेला तर खाली थेट फरशी आहे."

मी आप्पांच्या जेवणाचं ताट हातात धरून जिन्याकडं बघत राहिले. सकाळपर्यंत तिथं सागवानी कठडा होता. आता एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. काढलेले कातीव दांडे अंगणात ढीग करून टाकले होते. वरून तुकतुकीत दिसणाऱ्या त्या दांड्यांचा वाळवीनं आतून भुसा करून ठेवला होता. कठड्याची वरची जाड पट्टी तेवढी धड निघाली होती, ती कुणीतरी पोत्यावर आडवी ठेवली होती.

कठडा बदलायला हवा होता, यात वादच नव्हता. दिवाळीत भावजींची धाकटी मुलगी त्याला रेलून उभी राहिली आणि एक दांडा निखळून खाली आला. पोरीला मी वेणी धरून मागं ओढलं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भूपाल भावजींनी, कठड्याचा ध्यासच घेतला होता. पुण्याहून येतानाच त्यांनी इचलकरंजीच्या मुजावर मिस्त्रींना स्टीलच्या पाइपांसकट उचलून आणलं होतं. एका दिवसात काम उरकायचं, असा त्यांचा हुकूम होता. भावजींना उरकायची फार हौस.

माझी धास्ती निराळी होती. आप्पांना, माझ्या सासऱ्यांना, दिसत नव्हतं. आणि हे घरात आप्पा सोडून मला एकटीलाच ठाऊक आहे, असं मी समजत होते.

ही गोष्ट कुरुंदवाडची, फार वर्षांपूर्वीची. घरात आप्पा, सासूबाई, मी आणि हे. सासूबाईंना घरादारासकट सगळी गल्ली आक्का म्हणायची. हे हळदीच्या सौद्यांसाठी सांगलीला असायचे, आठवड्याचे काही दिवसच घरी; कठडा निघाला त्या दिवशीही ते तिकडंच होते. आम्ही जैन. सूर्य बुडाला की अन्नाला शिवायचं नाही, हा आमच्या घरातला नेम. बाकीच्या घरांत घड्याळ बघून जेवतात, काहींच्या भिंतीवर सूर्यास्ताच्या वेळांचं कॅलेंडर असतं. आमच्याकडं आप्पा होते. ते संध्याकाळी जिन्याच्या वरच्या वळणावर, पश्चिमेच्या खिडकीपाशी उभे राहायचे आणि तिथून हाक द्यायचे, "सूर्य आहे अजून. वाढा." ती हाक आली की आक्का ताटं मांडायची. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. एवढं घड्याळ टांगलंय भिंतीवर, ते काय शोभेला, असं मी ह्यांना विचारलंही होतं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी वळणावर बसून खिडकीच्या झडपा पुसत होते. आप्पा खोलीतून आले आणि माझ्या अगदी हातभर अंतरावर उभे राहिले. कठड्याच्या पट्टीवर, जिथं खिडकीतलं ऊन पडतं तिथं, त्यांनी तळवा ठेवला. तो जरा इकडं सरकवला, जरा तिकडं, मग क्षणभर थांबून हाक दिली. मी समोर बसले होते आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या बांगड्या वाजल्या तसे ते दचकले.

"कोण, त्रिशला?"

मी नुसतं हूं म्हटलं. त्यांनी तळवा पट्टीवरून काढून घेतला. मग म्हणाले की काचबिंदू आहे, मिरजेच्या डॉक्टरांनी गेलेलं परत येत नाही म्हणून सांगितलंय, उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक कळतो. "तुला कळलंच आहे तर आता तोंड मिटून ठेव. आक्काला कळलं तर ती रडत बसेल. आणि भूपालला कळलं तर तो गाडी घेऊन येईल."

भावजी गाडी घेऊन येतील हे खरं होतं. आईबापांना पुण्याला न्यायचं हे त्यांनी केव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. तिकडं लिफ्ट आहे, कोपऱ्यावर दवाखाना आहे, हे ते दर खेपेला सांगायचे, आणि त्यांचं म्हणणं मायेपोटीच होतं. आक्काचा जीव बस्तीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, सकाळच्या दर्शनात आणि परसातल्या शेवग्यात अडकलेला. आप्पांचं तर विचारूच नका. या घरात ते आंधळे नव्हते. उंबरे, कोनाडे, पायऱ्या, विहिरीचा काठ, सगळं त्यांच्या तळहाताला आणि तळपायाला पाठ होतं. पुण्याच्या त्या उंच फ्लॅटमध्ये त्यांना खुर्चीत बसवून ठेवावं लागलं असतं. दिवाळीत भावजींनी फारच लावून धरलं, तेव्हा आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ज्या दिवशी मला सूर्य दुसऱ्याला विचारावा लागेल, त्या दिवशी गाडी काढ. मी मुकाट बसतो." आप्पा शब्दाचे पक्के. भावजीही ते विसरणाऱ्यांतले नव्हते.

तर त्या दिवशी मी ताट घेऊन भिंतीच्या कडेनं वर गेले. आप्पा खाटेवर बसून होते. कठडा निघालाय, संध्याकाळपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकू नका, असं मी हळूच सांगितलं. त्यांनी विचारलं, "पट्टी पण काढली काय?" मी हो म्हटलं. त्यांनी भाकरी मोडली, पण घास बराच वेळ हातातच राहिला.

खालून भावजींनी हाक मारली. पाइपाचे दोन नमुने घेऊन ते जिन्याशी उभे होते, एक चकचकीत आणि एक जरा मंद. आप्पांनी दारात येऊन बघावं आणि कुठला बसवायचा ते सांगावं, असा त्यांचा आग्रह. आप्पा दारापर्यंत आले, चौकटीला धरून उभे राहिले, खाली बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हे घर बांधताना मी तुला विटांचा रंग विचारला होता काय? बसव तुला आवडेल तो." भावजी हसले. पण हसून झाल्यावरही ते वर बघत राहिले, हे मी पाहिलं.

दुपारनंतर मिस्त्रींच्या मशीननं घर डोक्यावर घेतलं. पाइप कापताना असा काही आवाज व्हायचा की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दावं ताणायच्या. आप्पांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. वरच्या वळणाचं काम आधी झालं, मग मिस्त्री खाली सरकले. मला वाटलं, वेळेत उरकेल. पण तळाच्या खांबाशी पाइप बोटभर आखूड पडला, पुन्हा कापाकापी झाली, आणि तो जुळवण्याच्या नादात वरचा सांधा उचकटला. मग मिस्त्री पुन्हा वर गेले. जिनाभर वायरी, ठिणग्या आणि गरम तुकडे. दिसेना म्हणून त्यांनी खिडकीत मोठा हॅलोजनचा दिवा टांगला.

मी परसदारी जाऊन पाहिलं. सूर्य नदीपलीकडच्या उसावर टेकला होता. मी परत येऊन भावजींना म्हटलं, जरा थांबवा, आप्पांचं जेवण राहील. ते म्हणाले, पाच मिनिटं. मी जिना चढायला गेले तर मिस्त्रींनी वरूनच हात केला, की वहिनी, अंगावर ठिणगी येईल. मी मुकाट्यानं खाली उतरले. त्या पाच मिनिटांची पुढं किती झाली कोण जाणे. पुन्हा परसदारी गेले तेव्हा उसावर नुसता तांबूसपणा होता, आणि नंतर तोही नव्हता.

आक्का चुलीपाशी बसून होती. मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, जोंधळ्याच्या भाकरी, सगळं तयार होतं. तिनं उठून दारातून बाहेर पाहिलं, परत आली आणि एकेका भांड्यावर झाकण ठेवलं. "राहिलं आजचं," ती म्हणाली. "भूपालला वाढ. त्याला चालतं. आम्ही दोघं उद्या जेवू." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कळायला लागल्यापासून तिनं सूर्यास्तानंतर तोंडात काही घातलं नव्हतं. बाळंतपणात नाही, टायफॉइडच्या तापात नाही. एकदा प्रवासात गाडी बंद पडली तेव्हा शेंगदाणे मुठीत धरून ती सकाळपर्यंत बसून राहिली होती, हे भावजीच कौतुकानं सांगायचे.

तेवढ्यात मशीन बंद पडलं. मिस्त्री पाणी प्यायला खाली आले, भावजी तळाचा खांब हलवून बघत होते. सगळं घर एकदम शांत झालं. वर कडी वाजली, दार उघडलं, आणि आप्पा वळणावर आले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला सगळं दिसत होतं. हॅलोजनचा प्रकाश थेट त्यांच्या तोंडावर पडला होता. त्यांनी चाचपडत हात पुढं केला, नवा पाइप हाताला लागला, आणि त्यांनी त्यावर तळवा ठेवला. तो सांधा आत्ताच जोडलेला, त्यावर दिव्याची धग. पाइप चांगला गरम असणार. त्यांनी तळवा जरा इकडं सरकवला, जरा तिकडं. त्यांचा चेहरा निवळला.

"सूर्य आहे अजून," आप्पांनी हाक दिली. "वाढा."

भावजींचा हात खांबावरच राहिला. त्यांनी वर पाहिलं, मग उघड्या दारातून बाहेर पाहिलं. गल्लीत दिवे लागले होते. गोठ्यात कंदील लागला होता. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यातच त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

आप्पा पाइप धरून उतरू लागले. नव्या कठड्यावर त्यांचा हात अडखळत होता, पण चाल त्यांची नेहमीची, ताठ. मिस्त्री वायरी गोळा करत बाजूला झाले. आप्पा स्वयंपाकघरात आले, आपल्या पाटावर बसले आणि म्हणाले, "चला, चला. सूर्य काय आपल्यासाठी थांबणार नाही. भूपाल, बस तू पण."

भावजी दारात उभे होते. समोर परसदाराबाहेर सगळा अंधार. त्यांना आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. इतकी वर्षं आप्पा ज्याला चुकवत आले होते, ते आयतं त्यांच्या हातात आलं होतं. आणि ते बोलणं चूकही नव्हतं. बाप आंधळा आहे हे मुलाला कळायला नको काय? उलट न बोलणंच पाप होतं, कारण बोललं नाही तर हा म्हातारा माणूस नकळत आपला जन्माचा नेम मोडणार होता. मीही तेच घोकत होते. सांगावं तर त्यांचं घर जातं. न सांगावं तर त्यांचं व्रत जातं. मी पदराचं टोक बोटाला इतकं करकचून गुंडाळलं होतं की बोट बधिर झालं.

"आप्पा," भावजी म्हणाले, "बाहेर तर..."

"भूपाल, आधी बस," आक्का म्हणाली. "ताट वाढलंय."

कधी वाढलं ते मला कळलंच नव्हतं. तिनं सगळ्या भांड्यांवरची झाकणं काढली होती. आप्पांसमोर ताट होतं, भावजींच्या पाटासमोर होतं, आणि एक तिनं स्वतःच्या पुढ्यात घेतलं होतं. आमच्या घरात आक्का सगळ्यांच्या शेवटी जेवायची. त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी बसली. तिनं परसदाराच्या काळोखाकडं एकदा पाहिलं, हात जोडून डोळे मिटले, पुटपुटत काहीतरी म्हटलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती सावकाश चावत होती. घास उतरत नव्हता, ते गळ्यावर दिसत होतं. तिनं पाणी घेतलं आणि तो खाली ढकलला. मग दुसरा तुकडा मोडला.

"आमटीला मीठ बरोबर झालंय बघ," ती आप्पांना म्हणाली. "खावा गरम आहे तोवर."

आप्पा जेवायला लागले. भावजी आईकडं बघत अजून उभेच होते. एवढा मोठा माणूस, फॅक्टरीत माणसं हाताखाली असलेला, पण त्या वेळी त्यांच्याकडं बघवेना. हळूहळू येऊन ते पाटावर बसले. ताटाला हात लावला नाही.

"काय रे, गप्प का?" आप्पांनी विचारलं. "तुझ्या पाठीमागं परसदार आहे. बघ, किती राहिलाय अजून?"

भावजींनी वळून दाराकडं पाहिलं. उसाची रेघसुद्धा दिसत नव्हती.

"आहे," ते म्हणाले. "शेवग्याच्या शेंड्यावर आहे. सावकाश जेवा आप्पा."

मग मीही ताट घेऊन बसले. काय जेवले ते आठवत नाही.

जेवण झाल्यावर आप्पा सवयीनं परसदारी चूळ भरायला गेले. थंडीचे दिवस. घागरीतलं पाणी गार झालेलं, दगडावर दव धरलेलं, कुंपणात रातकिडे. मी दारातून बघत होते. त्यांनी तोंडात पाणी घेतलं आणि ते तसंच धरून उभे राहिले. हात पुढं करून दगडावरून फिरवला. मान वर केली. ऊन असताना कुणी असं उभं राहत नाही; रात्र झालीय हे त्यांना कळलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी चूळ थुंकली, आत आले, आणि सरळ जिना चढून गेले.

भांडी घासताना मला राहवेना. मी आक्काला म्हटलं, "तुम्हांला ठाऊक होतं?"

"तू या घरात यायच्या आधीपासून," ती म्हणाली. "ते हाक द्यायचे. हाक आली की मी परसदारी जाऊन सूर्य बघायचा, मग ताटं मांडायची. रोजचं. तुला काय वाटलं, मी शेवग्याला पाणी घालायला जात होते?" ती राखेचा हात धुवू लागली. "एक दिवस चुकले नव्हते गं ते. एक दिवस."

एवढं बोलून ती रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का बस्तीतून आली आणि म्हणाली, आज मी जेवणार नाही, पोट जड आहे. मी चहा घेऊन वर गेले तर आप्पा म्हणाले, पित्त झालंय, आज नुसतं पाणी. खाली आले तर भावजींना नाश्ता नको होता. पुण्याला सकाळीच निघायचं होतं, पण गाडीचं चाक जरा बघून घेतो म्हणाले, आणि चाकाकडं काही फिरकले नाहीत. मी स्वतःही कुणाला काही न सांगता उपाशी राहिले. सगळं घर उपाशी, आणि जो तो दुसऱ्यापासून चोरून. भरल्या भांड्यातल्या भाकऱ्या शेवटी मी गोठ्यात नेऊन दिल्या.

दुपारी भावजी अंगणातल्या ढिगाशी जाऊन बसले. पोत्यावरची सागवानी पट्टी त्यांनी उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि मुजावर मिस्त्रींना फोन लावला. पाइपाला खालून भोकं पाडून ही पट्टी वर बसवता येईल काय, असं विचारत होते. मिस्त्री आले, थोडं कुरकुरले, आणि कामाला लागले. भावजी स्वतः घामाघूम होऊन पट्टी घासत होते. का, ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत खाली स्टीलचे दांडे आणि वर जुनी पट्टी असा तो विजोड कठडा उभा राहिला. वळणावरचा शेवटचा स्क्रू भावजी पिळत होते, तेव्हा आप्पा खोलीतून बाहेर आले.

खिडकीतून ऊन येत होतं. आप्पांचा हात पट्टीवर पडला. सागवान ओळखीचं लागलं तसा तो तिथंच थबकला. आता ते नेहमीसारखी हाक देतील असं मला खालून वाटलं. ऊन त्यांच्या तळव्याखालीच होतं.

"अगं," त्यांनी खाली हाक मारली, आक्काला. "शेवटचं पाणी घ्यायचं होतं. सूर्य आहे काय, बघ जरा."

आक्काच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दिवाळीत दिलेला शब्द सगळ्यांनाच आठवत होता. आप्पांनी तो विसरून विचारलं नव्हतं, आठवून विचारलं होतं. आपल्यापायी तिचं काय मोडलं हे त्यांना कळलं होतं, आणि त्याची भरपाई ते घर देऊन करत होते.

आक्का परसदारी गेली नाही. भावजीच उठले. माझ्या शेजारून परसात गेले, डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडं पाहिलं, आणि परत येऊन जिन्याखाली उभे राहिले.

"आहे आप्पा. खरंच आहे. चांगला कासराभर आहे."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग गाडी कधी काढतोस?"

भावजी वर चढून आप्पांच्या शेजारी उभे राहिले आणि पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, "पट्टीला पॉलिश करायचं राहिलंय अजून. ते वाळल्याशिवाय कुठं जायचं?"

त्यानंतर दर खेपेला पुण्याहून येताना भावजी पॉलिशचा डबा घेऊन यायचे. एक हात मारायचे, वास घ्यायचे, बोट लावून बघायचे आणि मान हलवायचे. आप्पा असेपर्यंत ते पॉलिश काही वाळलं नाही.